यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांगा

बुधवार होता, जुलै महिना, दुपारचे साडेबारा वाजलेले. त्या वेळेला आमच्या ग्रंथालयात शुकशुकाट असतो, पेपर वाचणारे आजोबा जेवायला घरी गेलेले असतात, शाळा सुटायला अवकाश असतो. मी एकटीच देवघेव काउंटरवर बसून आदल्या दिवशी परत आलेली पुस्तकं रजिस्टरला लावत होते. तेवढ्यात एक गृहस्थ आले, पंचेचाळीसच्या आसपासचे, खाकी शर्ट, खांदे पावसानं चिंब, आणि छातीशी धरलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. ते भिजलेले पण पिशवीतलं पुस्तक एकदम कोरडं. ते काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुमच्याकडचंच ना?"

शिक्का आमचाच होता, आणि शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारीख माझ्या हाताची.

"मॅडम, मी सातवी शिकलेलो. टेम्पो आहे माझा, सासवडकडून भाजी घेऊन मार्केटयार्डात टाकतो. इंग्रजी येत नाही मला. पोरगी बारावीला आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे वाचत बसती, एकटीच हसती. विचारलं तर म्हणती, पप्पा गोष्ट आहे. कसली गोष्ट? वर चित्रात मेंदी काढलेली पोरगी आहे. आता ती कॉलेजात गेली तेव्हा तिच्या उशाखालून काढून आणलंय. यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांगा."

आता पुढचं सांगायच्या आधी थोडं माझ्याबद्दल सांगते, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळणार नाही.

मी पुण्यात हडपसर भागातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात अकरा वर्षं आहे. आमच्याकडे लहान मुलांचा विभाग चांगला आणि मोठ्यांच्या कादंबऱ्याही भरपूर, पण मधल्या वयाच्या मुलांना द्यायला माझ्याकडे काहीच नसायचं. मराठीत कुमार साहित्य म्हणतात ते आहे, त्यात साहसकथा आहेत, विज्ञानकथा आहेत, थोरांची चरित्रं आहेत, पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोरांच्या मनात दिवसरात्र जे चालू असतं ते त्यात सापडत नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे, 2004 ची, नववीतला मुकुंद आणि त्याला आवडणारी शिरोडकर, पण ती आम्ही कायम मोठ्यांच्या कपाटातच ठेवत आलो. मग 2018 मध्ये नेटफ्लिक्सवर एक सिनेमा आला आणि आठवड्याभरात तीन मुलींनी मला त्याचं मूळ पुस्तक मागितलं, जेनी हान यांचं 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर'. कमिटीला सांगून ते मागवलं आणि कपाटात ठेवायच्या आधी म्हटलं बघू तरी काय आहे, तर बसमध्ये उघडलं ते रात्री घरी संपवूनच झोपले. आई वारलेल्या तीन बहिणी आहेत, मधलीनं कुणाला पाठवायची नाहीत म्हणून लिहिलेली प्रेमपत्रं एक दिवस सगळ्यांना पोचतात. प्रेमाची गोष्ट म्हणून वाचायला घेतलं होतं आणि मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती धाकटी बहीण आणि त्यांचा एकट्यानं घर ओढणारा बाप. तेव्हापासून ही पुस्तकं मी मनापासून वाचते. कुणी टाइमपास म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण पहिल्यांदा कुणी आवडणं ही माणसाच्या आयुष्यातली किरकोळ गोष्ट नाहीये.

आणि तेव्हापासूनच माझा नियम आहे, मी स्वतः पूर्ण वाचल्याशिवाय त्या कपाटात एकही पुस्तक जात नाही. त्याला कारण आहे. आता कव्हरं अशी येतात की गुलाबी-निळी कार्टून चित्रं, मुलगा मुलगी एकमेकांकडे बघतायत, आणि आत पूर्ण मोठ्यांचं पुस्तक. कव्हरवरून काहीही कळत नाही. टिकटॉक 2020 ला बंद झालं पण इन्स्टाच्या रील्स आहेतच, तिथे बघून आठवीतली मुलगी येऊन कॉलीन हूवर यांचं 'इट एंड्स विथ अस' मागते, सिग्नलला आणि फुटपाथवर त्याच्या थप्प्याच्या थप्प्या दिसतात. ते पुस्तक मारणाऱ्या नवऱ्याबद्दल आहे, बाईनं त्यातून कसं बाहेर पडायचं याबद्दल आहे, आणि ते लिहिलंय मोठ्यांसाठी. मी त्याला नावं ठेवत नाही, पण तेरा वर्षांच्या मुलीनं ते एकटीनं वाचायचं आणि त्यावर बोलायला घरात कुणी नाही, हे मला पटत नाही.

म्हणून माझी एक वही आहे. दोनशे पानी, प्रत्येक पुस्तकाला एक पान, मराठीत. गोष्ट काय, माणसं कशी, कुणी मरतं का, आत्महत्या आहे का, दारू आहे का, शरीराचं कुठपर्यंत आहे आणि कसं आहे, आणि हे मी कुणाला देईन. सोळाच्या पुढच्यांसाठी असेल तर पुस्तकाच्या पाठीवर लाल टिकली. त्या दादांनी आणलेल्या पुस्तकावर लाल टिकली होती.

तर ते समोर उभे आणि मला दोन मिनिटं काय बोलावं सुचेना. सोपं उत्तर जिभेवर होतं, की इंग्रजी सुधारायला चांगलं असतं हो, काळजी करू नका. त्यांनी विश्वास ठेवला असता, माझ्यावर आणि शिक्क्यावर. पण भर पावसात ते पुस्तक कोरडं ठेवून आलेले होते. मी म्हटलं, "दादा बसा. ही प्रेमाची गोष्ट आहे. मी सगळी सांगते."

ते बसले. खुर्चीच्या अगदी कडेला.

पुस्तक होतं संध्या मेनन यांचं 'व्हेन डिंपल मेट ऋषी', 2017 चं. बाई भारतात वाढलेल्या, आता अमेरिकेत असतात. मी म्हटलं, अमेरिकेत राहणारं आपल्याकडचं कुटुंब आहे, मुलगी डिंपल, अठरा वर्षांची, नुकतीच शाळा संपलीय. तिला कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग करायचंय, आईला वाटतं चांगला मुलगा बघून लग्न व्हावं. सॅन फ्रान्सिस्कोला सहा आठवड्यांचं शिबिर असतं, ती घाबरत घाबरत घरी विचारते आणि आईबाप चक्क हो म्हणतात. तिला आनंद होतो, की चला, यांना आपलं म्हणणं कळलं. तर तसं नसतं, आईबापांनी ऋषी नावाच्या मुलाच्या घरच्यांशी आधीच बोलून ठेवलेलं असतं आणि तोही त्याच शिबिराला येणार असतो. त्याला सगळं माहिती, हिला काहीच नाही.

"म्हणजे बापानं फसवलं की पोरीला."

"हो. दोघांनी मिळून."

ते काही बोलले नाहीत. पुस्तक हातात घेतलं, कव्हरवरच्या मुलीकडे बघितलं. ती हसतीय, हातावर मेंदी, हातात कोल्ड कॉफीचा ग्लास. बराच वेळ बघत होते. मग खाली बघूनच म्हणाले, "आमच्याकडं पण पावणे येऊन गेले दिवाळीत. बारामतीकडचे. ती क्लासला गेली होती. फोटो दाखवला आम्ही. तिला सांगितलं नाही अजून."

मला यावर बोलायचं खूप होतं. अठरा पूर्ण नाहीत तिला हेही सांगायचं होतं, पण ते त्यांना माहिती असणार, आणि त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर ते उठून गेले असते असं मला वाटलं, म्हणून मी गोष्टच पुढे सांगत राहिले. तो ऋषी पहिल्याच भेटीत तिला होणारी बायको म्हणून हाक मारतो आणि ही घाबरून हातातली गार कॉफी त्याच्या अंगावर टाकून पळते, हे सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. मोकळं हसले अगदी, मीपण हसले. मग त्याला कळतं की हिला काही ठाऊकच नव्हतं, त्याला वाईट वाटतं. मग दोघं एकाच कामावर जोडीनं बसतात. त्याला खरं चित्रं काढायला आवडतात, कॉमिक्स, पण वडिलांसाठी इंजिनिअरिंगला चाललाय. आणि ती मोबाईलसाठी एक ॲप बनवतीय.

"कशाचं?"

"तिच्या वडिलांना शुगर आहे ना, तर गोळ्या-औषधं वेळेवर घ्यायची आठवण राहावी म्हणून."

ते थांबले. शर्टाच्या खिशावर हात गेला त्यांचा, खिशातून गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी कड दिसत होती.

"मला पण आहे शुगर. दोन वर्षं झाली. गाडीवर असलो की रात्री नऊला फोन येतो तिचा. पप्पा गोळी घेतली का. एक दिवस चुकवत नाही."

मी ही पुस्तकं शंभराच्या वर वाचली असतील, त्यातलं कुठलं पान कुणाला कुठे लागेल हे मला अजून आधी कळलेलं नाही. मुलींना मी हे पुस्तक कायम डिंपलसाठी दिलं होतं, तिच्या हट्टासाठी. ॲपचा विषय माझ्या वहीत एका ओळीत होता.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मी पहिल्या मिनिटापासून वाट बघत होते. आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघून. "मॅडम, एक खरं सांगा. त्यात वंगाळ काही आहे का?"

मी वही काढली. ते पान त्यांच्यासमोर ठेवलं, मराठीत आहे, त्यांना वाचता येत होतं. तरी मी तोंडानं सांगितलं, कारण लपवल्यासारखं नको होतं. म्हटलं, दादा, दोघं अठरा वर्षांचे आहेत, पुढे त्यांचं प्रेम बसतं, आणि एकदा दोघं एकत्र येतात, नवरा-बायकोसारखे. जबरदस्ती नाही, तिचं मन असतं तेव्हाच. त्याचं चवीचवीनं वर्णन नाहीये. पण आहे. नाही असं मी सांगणार नाही.

त्यांचा चेहरा आवळला. "आणि तरी तुम्ही दिलं तिला."

"दिलं. मी स्वतः वाचून दिलं. तिला सतरा पूर्ण आहेत. हे सगळं तिच्या मोबाईलवर दादा, याच्यापेक्षा हजार पट घाण रूपात एका बोटावर आहे, आणि तिथे कुणी कुणाची माफी मागत नाही, कुणी कुणाला विचारत नाही. इथे मुलगा विचारतो. मुलीचं शिक्षण तिच्या हातातून सुटत नाही. तिनं हे वाचलेलं असावं असं मला वाटतं. तुम्हाला नाही पटलं तर तुम्ही सांगा, तुम्ही वडील आहात. पण मग तिला समोर बसवून सांगा, उशाखालून काढून नको."

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं असं मला बोलता बोलताच वाटलं. हात थरथरत होते माझे, मी ते टेबलाखाली घेतले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, कुणीतरी माल भरायला बोलवत होतं. ते उठले. मला वाटलं आता म्हणतील की नाव काढून टाका पोरीचं. त्यांनी पुस्तक परत पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं.

"सोमवारी द्यायचंय ना हे? तिचं राहिलंय थोडं वाचायचं." मग दारापर्यंत जाऊन परत आले. "मराठीत असलं काही आहे का? मला वाचता येईल असं?"

मी 'शाळा' दिलं, माझ्याच कार्डावर.

संध्याकाळी सेक्रेटरींना सगळं सांगितलं, उद्या तक्रार आली तर त्यांना माहिती असावं म्हणून. ते भले माणूस आहेत, पण म्हणाले एवढं सगळं सांगायची काय गरज होती, गोड बोलून पाठवायचं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. आपण पोरांच्या हातात पुस्तक देतो, तर त्यात काय आहे ते त्यांच्या बापासमोर बोलता यायला पाहिजे, नाहीतर देऊ नये. पण रात्री झोप लागली नाही हेही खरंय. सारखं वाटत होतं की त्या मुलीला घरी काय ऐकून घ्यावं लागत असेल, कदाचित मी तिचं वाचणंच बंद केलं असेल.

सोमवारी पुस्तक आलं, पण ती स्वतः आली नाही, मैत्रिणीच्या हातून आलं. मैत्रिणीला विचारायचा मला धीर झाला नाही.

बुधवारी परत साडेबाराला टेम्पोचा आवाज आला. दादा आत आले, या वेळी खुर्चीवर नीट टेकून बसले. मी म्हटलं, "उरलेली गोष्ट सांगू ना?"

"नको. पोरीनं सांगितली. रविवारी सासवडला जाताना गाडीत बसवली होती तिला पुढं. मीच आधी पावण्यांचं सांगून टाकलं."

"मग?"

"मग काय. रडली. दिवेघाट चढेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी पण काय बोलणार. मी म्हटलं, बारावी होऊ दे, पुढचं शिकायचं ते शिक, त्यांना नाही म्हणून निरोप देतो मी." ते थोडे थांबले. "वर गेल्यावर मी विचारलं, त्या डिंपलचं काय झालं मग. तर खिडकीकडं बघूनच सांगायला लागली."

एवढं सांगून त्यांनी पिशवीतून 'शाळा' काढलं. टेम्पोच्या पावतीचा कागद खुणेला घातलेला, साधारण पन्नासाव्या पानाशी. म्हणाले, माल भरायला लागतो तेवढ्या वेळातच वाचणं होतं, तारीख वाढवून द्या.

मी पंधरा दिवस वाढवून दिले.