रोल केवढ्याला पडला? आमची वाटचाल

बाबा कधी "केवढ्याला मिळालं?" असं विचारायचे नाहीत. "केवढ्याला पडलं?" असं विचारायचे. दुकानदाराने सांगितलेला आकडा एक, आणि वस्तू घरी येऊन कामाला लागेपर्यंत खिशातून गेलेला आकडा दुसरा. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म विकायला लागल्यावर हा फरक मी नुकसान सोसून शिकले.

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ बाबांचा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, शाळांचे वर्गफोटो. परदेशी रोल मिळेल तेव्हा मिळायचा, म्हणून रोजच्या कामाला ते 'इंदू' वापरायचे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा उटीचा माल. आपल्या देशात बनलेला रोल आपण वापरतो, याचा त्यांना अभिमान होता. पुढे तो कारखानाही थांबला आणि आमची डार्करूमही. निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र, एन्लार्जर, चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं.

2016 साली मी तो एन्लार्जर खाली काढला. आजोबांचा जुना कॅमेरा घेऊन कॉलेजची मुलं दुकानात यायला लागली होती. "ताई, यात रोल मिळेल का? आणि धुऊन कोण देईल?" धुणं मला येत होतं, बाबांनी लहानपणीच शिकवलं होतं. अडचण रोलची होती. मुंबईहून फोर्टमधल्या घाऊक व्यापाऱ्याकडून यायचे, पण कधी दहा, कधी एकही नाही. मग मी बाहेरच्या देशांतले भाव बघायला लागले आणि एक वही घातली. पहिल्या रकान्यात फिल्म, पुढे इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, चेक प्रजासत्ताक, जपान.

पहिलं वर्ष ती वही चुकीची होती, आणि हे मला उशिरा कळलं. इंग्लंडच्या दुकानात दिसणाऱ्या भावात तिथला 20 टक्के कर आधीच धरलेला असतो. जर्मनीत 19 टक्के, चेकमध्ये 21, जपानमध्ये 10. अमेरिकेत मात्र दाखवलेल्या भावात कर नसतोच, तो बिलावर येतो आणि राज्यागणिक बदलतो. इलफर्ड कंपनीचा एचपी5 प्लस हा रोल इंग्लंडमध्ये, चेशायरमधल्या मोबर्ली गावी बनतो. तरी वहीत तो अमेरिकेत स्वस्त दिसायचा आणि मला कोडं पडायचं. कर वजा करून दोन्ही आकडे शेजारी मांडले, तेव्हा तो फरक बराचसा विरघळला.

2018 मध्ये पहिलं पार्सल मागवलं. वीस रोल, दाखवलेला भाव सहा पौंड. परदेशी पाठवायचं म्हणून तिथला कर सुटला आणि रोल पाच पौंडांवर आला. शंभर पौंडांचा माल. मुंबईच्या भावाशी ताडून पाहिलं आणि आनंदाने घरी सगळ्यांना सांगितलं. मग पाठवणावळ तीस पौंड. आपल्याकडे सीमाशुल्क नुसत्या मालावर लागत नाही. माल, वाहतूक आणि विमा मिळून जी किंमत होते तिच्यावर लागतं, आणि शुल्क धरून झालेल्या बेरजेवर पुन्हा कर बसतो. वर कागदपत्रं सोडवून देण्याचा कुरिअरचा आकार. सगळं मिळून 170 पौंडांच्या पुढे गेलं. पाचाचा रोल साडेआठला पडला. ज्या मुंबईच्या व्यापाऱ्याला मी महाग म्हणत होते, त्याचा रोल त्यापेक्षा स्वस्त होता.

दुसरं पार्सल त्याहून महागात गेलं. मे महिन्यात मागवण्याची चूक माझी. कागदाच्या एका चुकीपायी ते गोदामात अकरा दिवस अडकलं. एक रोल कोराच धुऊन पाहिला, तर पारदर्शक दिसायला हवी ती पट्टी राखाडी. जेवढी फिल्म वेगवान, म्हणजे कमी उजेडात चालणारी, तेवढी ती उष्णतेने लवकर बिघडते, त्यामुळे 3200 वेगाचे रोल सगळ्यांत वाईट निघाले. ते विकले नाहीत. सरावासाठी मुलांना दिले. तेव्हापासून आमची मागणी दिवाळीनंतर जाते आणि माल थंडीत येतो. आल्या दिवशी तो फ्रीजमध्ये.

एकट्या दुकानाला हे गणित जमणारं नव्हतं. धुळे, संभाजीनगर आणि पुण्याची माझ्यासारखी तीन माणसं मिळून आम्ही एकत्र मागवू लागलो. पार्सलचे ठरावीक खर्च वीसऐवजी दीडशे रोलांवर वाटले गेले. आमचा धंदा खरा उभा राहिला तो इथून.

वहीही बदलली. देशांचे रकाने गेले, कारखान्यांचे आले. डब्यावरचं नाव आणि आतली फिल्म यांचं नातं वाटतं तेवढं सरळ नसतं. केंटमिअर आणि इलफर्ड एकाच मोबर्लीच्या कारखान्यातून निघतात, पण केंटमिअर बराच स्वस्त. चेकच्या ह्रादेक क्रालोव्हे शहरातली फोमा कंपनी 1921 पासूनची. तिचाच माल अमेरिकेत अरिस्टा या नावाने विकला जातो. जपानच्या फुजीने अॅक्रॉस ही फिल्म 2018 मध्ये बंद केली आणि पुढच्या वर्षी अॅक्रॉस टू आणली. तिच्या डब्यावर जपान नाही, इंग्लंड लिहिलेलं असतं. आमच्या वहीत फोमा 100 ला एक धरला, तर केंटमिअर जवळपास तेवढाच, एचपी5 आणि कोडॅकचा ट्राय-एक्स दीडपटीच्या आसपास, आणि अॅक्रॉस टू दुपटीला टेकलेला.

स्वस्त तेच घ्यावं का? इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. त्रिपुरी पौर्णिमेला एक मुलगा रामकुंडावर दिव्यांचे फोटो काढायला गेला. मीच त्याला फोमापॅन 100 दिला होता, स्वस्त आणि बारीक दाण्याचा म्हणून. त्याने तिकाटणं लावलं, उजेड मोजणाऱ्या मीटरने सांगितलेले 10 सेकंद दिले. निगेटिव्ह जवळपास कोरी आली. उजेड फार कमी असला की फिल्मची संवेदना मंदावते, आणि फोमाच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलंय की 10 सेकंदांना आठपट द्या, म्हणजे 80 सेकंद. एचपी5 ला मीटरच्या 10 सेकंदांसाठी वीसेक सेकंद पुरतात. तो तक्ता माझ्या ड्रॉवरमध्ये होता आणि मी त्याला दाखवला नव्हता. छत्तीस फ्रेममधून सहा हाती लागल्या, तर रोल स्वस्त कुठे राहिला? त्याला एचपी5 चा रोल मी माझ्याकडून दिला, पण ती रात्र परत देता आली नाही. दिवसाउजेडी मात्र, काळाराम मंदिराच्या दगडावर सकाळचं ऊन असताना, फोमा 100 इतका सुंदर उतरतो की जास्त पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही.

म्हणून आता आम्ही भाव रोलचा लावत नाही, फ्रेमचा लावतो, आणि त्यात धुलाई धरतो. 35 मिलिमीटरच्या रोलला 36 फ्रेम. 120 नावाच्या रुंद रोलला सहा बाय सहा सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यात 12, सहा बाय साडेचारच्या कॅमेऱ्यात 16. रोलचा भाव साधारण सारखाच असला तरी सहा बाय सहाची फ्रेम तिप्पट महाग पडते, हे गिऱ्हाईकाला कॅमेरा घेण्याआधी कळायला हवं. शंभर फुटी लांब रोल आणून आम्ही स्वतः डब्या भरतो, त्यातून 36 फ्रेमचे अठरा-एकोणीस रोल निघतात. फोमा आणि केंटमिअरला यात चांगली बचत होते. कोडॅकच्या लांब रोलचा हिशेब आम्हाला कधी बसला नाही, म्हणून तो सुटाच घेतो.

धुलाईचा खर्च आम्ही परदेशी पुड्या बंद करून उतरवला. डी-76 हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, 1927 पासूनचा, त्याचं सूत्र जगजाहीर आहे: लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात हे चारही मिळतात. खरी मेहनत तापमानाची. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तिशीच्या वर जातं आणि आम्हाला हवं 20 अंश, त्यामुळे बर्फाच्या लाद्याही हिशेबात येतात.

फिल्म महाग का, असं विचारलं की मी चांदीचं नाव घेते, कारण आपल्या सराफ बाजाराच्या गावात ते लगेच पटतं. चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांत. 1980 च्या जानेवारीत चांदी औंसाला 50 डॉलरच्या घरात गेली, तेव्हा फिल्म कंपन्यांना मोठा फटका बसला होता. पण रोलमधली चांदी ग्रॅमच्या हिशेबातही थोडीच असते. जास्त वजन आहे ते कारखान्याचं: एवढाल्या यंत्रांवर लेप देणारे कारखाने जगात मोजके उरलेत. इलफर्ड 2004 मध्ये बुडता बुडता तिथल्याच व्यवस्थापकांनी वाचवली, कोडॅकने 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. हे टिकले म्हणून आपल्याला घासाघीस करायला रोल तरी आहे.

नाशिककरांना परदेशातून फिल्म आणणं नवं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 मध्ये कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणायला लंडनला गेले होते. दुकानात त्यांचा एक फोटो लावलाय, आम्ही स्वतः हाताने प्रिंट केलेला.

सध्या 2027 च्या सिंहस्थासाठीची यादी चालू आहे. पहाटेच्या स्नानांसाठी 400 वेगाचे रोल जास्त, म्हणून एचपी5 साठ, केंटमिअर 400 चाळीस, आणि दिवसाच्या मिरवणुकांसाठी फोमा 100 चे दोन लांब रोल. रामकुंडावर गेलेल्या त्या मुलाने आपले पाच रोल आत्ताच राखून ठेवलेत. फोमाचा तक्ता आता काउंटरवर काचेखाली आहे.