लाईन आली, सपन गेलं

मे महिन्यात आमच्याकडं दुपारी झोपलेला माणूस कूलरच्या आवाजानं उठत नाही, कूलर बंद पडला की उठतो. परवा तसंच झालं. जेवून बाजेवर आडवा झालो होतो, ताट्यांचा ओला वास, डोळा लागला, अन् काहीतरी भारी स्वप्न सुरू होतं, म्हणजे भारी होतं एवढंच आता आठवतं, तेवढ्यात लाईन गेली. घरभर ती शांतता. मी मान वळवून पंख्याकडं पाहिलं अन् खेळ खलास. मान वळवायची नसते.

हे मला माहीत आहे, तरी दरवेळी वळवतोच. जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, ज्या कुशीवर आहे त्याच कुशीवर पडून राहायचं अन् शेवटचं चित्र हळूच धरून मागं मागं जायचं. मोबाईल तर बघायचाच नाही. आठवलं ते लगेच लिहायचं, शब्द जमले नाहीत तरी. मी उशाशी दोनशे पानी वही ठेवली आहे. बायको म्हणते हिशोब लिहिला असता एवढ्या नेमानं तर सावकार झाले असते. वहीत काय आहे तर, 'कापूस. मामा. काहीतरी निळं.' दुसऱ्या दिवशी, 'बस चुकली (की सापडली?)'. एका पानावर नुसतं 'म्हैस', खाली दोन रेघा मारून. एवढं काय महत्त्वाचं होतं त्या म्हशीत देव जाणे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर स्वप्नात असताना आपल्याला कळलं पाहिजे की हे स्वप्न आहे. अन् स्वप्नच आठवत नसेल तर कळूनही काय उपयोग, सकाळी तेही विसरणार. म्हणून आधी वही. शिवाय दिवसा अधूनमधून आपण जागे आहोत का हे तपासायची सवय लावायची, म्हणजे तीच सवय झोपेत जाते म्हणतात. काही लिहिलेलं वाचायचं, नजर हटवायची, परत वाचायचं, स्वप्नात अक्षरं बदलतात. किंवा स्वतःचा हात नीट बघायचा. मी किराणा दुकानासमोर उभा राहून हात बघत होतो तर दुकानदार म्हणे, "काऊन भाऊ, लागलं का काही?"

पण मला हे वेड पुस्तकानं नाही लावलं. सातवीत असताना एकदा झालं होतं.

तेव्हा ओलिताची लाईन रात्री यायची. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही रात्री, अन् चन्याला पाणी द्यायचं म्हणजे डिसेंबरातली थंडी. रात्री दोन-अडीचला बाबा पाय हलवायचे. "उठ बे, लाईन आली. बॅटरी घे." धुऱ्यानं चालत जायचं, बाबा पुढं, मी मागून बॅटरीचा उजेड त्यांच्या पायापाशी धरायचा, सापासाठी. स्टार्टर दाबला की मोटर एकदा गुरगुरायची अन् स्पिंकलरच्या नोझलमधून पहिली हवा सुटायची, मग पाणी टक टक टक करत फिरायला लागायचं. तो आवाज मला अजून कुठंही ओळखू येतो. पाईप बदलवताना बोटं बधीर व्हायची. मग बाबा म्हणायचे जा तू, अन् मी परत येऊन वाकळीत शिरायचो, पाय गार, डोकं टक्क जागं, अन् कधीतरी पहाटे झोप लागायची ती थेट स्वप्नातच.

असंच एकदा मी शेतात उभा अन् चना कंबरेएवढा. आता चना गुडघ्यापर्यंत आला तरी लोक बघायला येतात, कंबरेएवढा? मी म्हटलं, हॅट, हे तर सपन आहे. अन् तसं म्हटल्याबरोबर सगळं इतकं स्पष्ट झालं की घाट्यांवरची लव दिसत होती. मी उडायचं ठरवलं अन् उडालो सुद्धा, विहिरीवरून, डीपीवरून. तारांना पाय लागू नये म्हणून पाय वर घेतलेले आठवतात. मग आईनं वाकळ ओढली.

खूप वर्षांनी वाचलं की लोक हे मुद्दाम करतात. पाचेक तास झोपायचं, गजर लावून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, मग 'आता स्वप्न पडलं की मला कळेल' असं मनाशी घोकत परत झोपायचं. ते घोकणं स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांचं. कारण स्वप्नाळू झोपेच्या पाळ्या साधारण दीड-दीड तासानं येतात अन् पहाटेकडं लांबत जातात. म्हणजे जे लोक गजर लावून करतात ते आम्हाला लाईननं फुकटात दिलं होतं!

ती झोप सापडली तीही एका बापामुळंच. शिकागोत युजीन ॲसेरिन्स्कीनं आपल्या आठ वर्षांच्या पोराच्या डोक्याला तारा चिकटवल्या अन् रात्रभर कागदावरच्या रेघा बघत बसला, पोरगं गाढ झोपलेलं अन् डोळे मात्र पापणीआड धावताहेत. १९५३ साली ते छापून आलं. पुढं १९७५ मध्ये इंग्लंडात एका झोपलेल्या माणसानं आधी ठरवल्याप्रमाणं डोळे डावी-उजवीकडं फिरवून स्वप्नातून खूण केली, बाकी अंग तर त्या झोपेत लुळंच असतं. मी हे बाबांना रंगवून सांगितलं. ते म्हणे, "पोराले झोपू तं द्याचं." हे म्हणणार कोण बघा!

त्यांना विचारलं तुम्हाला काय स्वप्नं पडतात, तर, "मले कायचे सपनं, मी पडलो का सकाय." रात्री जास्त वेळा जाग येणाऱ्यांना स्वप्नं जास्त आठवतात म्हणे. बाबा तीस वर्षं रात्री उठले अन् एकही नाही. पण ते जागे व्हायच्या आधीच डीपीपाशी पोचलेले असायचे, मान वळवायची नाही वगैरे कुठलं.

मागच्या वर्षी सोलर बसलं. आता मोटर दिवसा, रात्री उठायचं काम नाही. पहिले काही महिने बाबा तरी अडीचला उठून अंगणात उभे राहायचे, मग तेही सुटलं. अन् पावसाळ्यात एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "आज सपन पडलं बाप्पा."

मी वही आणायला उठलो.

"लाईन आली, अन् मी झोपूनच राह्यलो."

आई चुलीकडून म्हणाली, "मंग? उठले का नाही?"

"उठलो ना. उठलो म्हणूनच तं जाग आली."