कॉलम लवकर उरकतो, अडवतो तो पेशी-चाचणीचा अहवाल

यू झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाची रेणूरचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. मधली वर्षं कुठे जातात, याचा अंदाज मला वनस्पतीच्या अर्कातून कर्करोगाच्या पेशी मारणारा रेणू शोधताना पेशी-चाचणीच्या रांगेत आला.

अर्क काढण्यात काही विशेष नाही. पानं सावलीत वाळवून दळायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळून रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४० अंशांच्या आत आटवायचं. मग ९० टक्के मिथेनॉलमध्ये घेऊन हेक्झेनने मेण आणि चरबी काढायची, पाणी घालून मिथेनॉल ६० टक्क्यांवर आणायचं आणि क्लोरोफॉर्मने उरलेलं ओढून घ्यायचं.

पुढे कॉलमवर, म्हणजे भुकटी भरलेल्या नळीतून, अर्काचे वेगवेगळे भाग (फ्रॅक्शन्स) करायचे. तिथे मात्र प्रत्येक फ्रॅक्शन पेशींवर तपासल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. चाचणी दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत. बऱ्याच प्रतीक्षेनंतर कागद येतो: ‘सक्रिय नाही’. कुठल्या मात्रेला, किती तासांनी, कुठल्या पद्धतीने, याचा पत्ता नाही. विचारलं की पुन्हा रांग. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून नमुन्यासोबतच्या फॉर्मवर सगळं आपणच लिहून द्यावं: द्रावणाची तीव्रता, वरची मात्रा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि तिथून खाली पायऱ्या, ७२ तास, प्रत्येक मात्रेला तीन वेल (चाचणीच्या प्लेटवरचे छोटे खळगे), डीएमएसओ (नमुना विरघळवायचं द्रावक) शेवटी ०.५ टक्क्याच्या आत. त्याच प्लेटवर तुलनेला डॉक्सोरुबिसिन, पेशी मारणारं ओळखीचं औषध, हवंच. त्याने पेशी मेल्या नसतील तर ती प्लेट फेकायची. निष्कर्ष नको, प्रत्येक वेलच्या रंगाने किती प्रकाश शोषला याचे मूळ आकडे मागावेत.

मूळ अर्क पेशी मारतो आणि कॉलमनंतर एकही फ्रॅक्शन मारत नाही, हा नेहमीचा घोळ. आधी वजन करा. कॉलममधल्या सिलिकाच्या भुकटीवर ५०० मिलीग्रॅम चढवले आणि सगळी फ्रॅक्शन्स मिळून ३५० भरली, तर बाकीचं कॉलमवरच चिकटलंय. सिलिका आम्लधर्मी असते, नाजूक रेणू तिच्यावर मोडतातही. मग सगळी फ्रॅक्शन्स मूळ प्रमाणात एकत्र करून तपासायला द्या. परिणाम परत आला तर पदार्थ शाबूत आहे, फक्त विभागला गेलाय किंवा दोन घटक मिळून काम करत होते. नाही आला तर सिलिका सोडा आणि सेफाडेक्स एलएच-२० किंवा सी-१८ या कॉलमच्या दुसऱ्या भरणांवर जा.

दुसरी शक्यता: मूळ परिणामच खोटा. टॅनिन (वनस्पतींतले तुरट पदार्थ) प्रथिनांना चिकटून पेशींचं नुकसान करतात, त्यात औषध काही नसतं. पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या भुकटीच्या छोट्या कॉलममधून अर्क काढला की बरेचसे टॅनिन मागे राहतात. एमटीटी या जिवंत पेशी मोजायच्या रंग-चाचणीची गंमत उलटी. त्यात जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात, पण पॉलिफेनॉलही (टॅनिन ज्यात मोडतात तो गट) पेशींशिवाय तेच करतात, त्यामुळे मेलेली वेल जिवंत दिसते. पेशी न घातलेल्या वेलमध्ये फ्रॅक्शन आणि एमटीटी टाकून बघा. जांभळं झालं की त्या आकड्यांवर पाणी सोडा आणि एसआरबी ही दुसरी चाचणी मागा. त्यात पेशींतलं प्रथिन रंगवून मोजतात, ही फसगत होत नाही. आकडे बघण्याआधी वेलही सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा: पदार्थ माध्यमात न विरघळता सुईसारखे स्फटिक होऊन तळाशी बसला असेल, तर ‘सक्रिय नाही’ला काही अर्थ उरत नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: पहिल्या कॉलमपूर्वी एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचं रेणूवजन मोजणारी तपासणी) करून घ्या, नाहीतर एवढ्या खटाटोपानंतर हातात जुनाच, सर्वांना माहीत असलेला रेणू पडतो. तोडणीच्याच वेळी हर्बेरियमचा नमुना (ओळख पटवण्यासाठी दाबून वाळवलेली फांदी) ठेवा आणि महिना नोंदवा. त्याच झाडाचा दुसऱ्या ऋतूतला अर्क पूर्ण वेगळा निघू शकतो. आणि प्रत्येक फ्रॅक्शनचा अर्धा भाग कोरडाच, उणे २० अंशांवर, अंधारात राहू द्या. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे नमुना पाठवायचा त्याच दिवशी विरघळवा.