आधी चढ सांगा

"किलोमीटर राहू द्या. आधी चढ सांगा."

पंचवटीतल्या सायकलवाल्या काकांनी हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्या मोबाइलमधला नकाशा बघितला. श्रीलंकेची सायकलफेरी: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, मग खाली उतरून गॉलचा किनारा. रोजचे ऐंशी किलोमीटर धरले होते.

तिथेच उभं राहून उंची शोधली. कँडी साधारण ५०० मीटर, नुवारा एलिया १,८६८. आपलं कळसूबाई १,६४६! महाराष्ट्राच्या माथ्याहून उंचावर, चहाच्या मळ्यांत अख्खं शहर वसलंय.

काका म्हणाले, "कसारा चढून आलात की त्या दिवशी आणखी कुठे जाता का?"

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. प्रवास आखताना आपण ठिकाणं मोजतो. दम, ऊन, तहान यांना त्या कागदावर जागाच नसते. वाटेत मळ्यापाशी थांबून चहा प्यायला वेळ नसेल, तर एवढ्या लांब जायचंच कशाला?

आता कँडी ते नुवारा एलिया दोन दिवसांत, मध्ये रंबोड्याला मुक्काम.

तो घाट कुणी सायकलनं चढलंय का? सामान किती नेलं होतं?