सनीवेलची चिप आणि बाबांचं धरण

२२ ऑक्टोबर २०७७ रोजी आमच्या सनीवेलमध्ये एक चिप तयार झाली. जुगाराच्या अड्ड्यावर असतात तशी गोल, पण प्लॅटिनमची. दुसऱ्या दिवशी ती माणसाच्या हाती लास वेगासला पोचायची होती. पोचली नाही, कारण २३ तारखेला दोन तासांत जग बेचिराख झालं.

हे सगळं ‘फॉलआउट: न्यू वेगास’ या २०१० सालच्या व्हिडिओ गेममधलं. पुण्यात हॉस्टेलवर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मी तो पहिल्यांदा खेळले, तेव्हा सनीवेल हे गावाचं नाव आहे एवढंही मला ठाऊक नव्हतं. आता इथेच, कॅलिफोर्नियात राहते, इथलंच भाडं भरते. फेब्रुवारीत आईबाबा आले, आणि बाबांनी आल्या आल्या जाहीर केलं, “मला बाकी काही नको, हूवर धरण तेवढं दाखव.” बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मी लगेच कबूल झाले. त्यांना खरं धरण बघायचं होतं आणि मला खोटं. सुदैवाने दोन्ही एकाच जागी आहेत, वेगासजवळ.

सनीवेल ते वेगास सुमारे साडेआठशे किलोमीटर. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, पहाटे पाचला निघालो. चिपचा रस्ता तोच आपला रस्ता, असं मी बाबांना सांगितलं आणि तिथेच चूक केली.

“साडेआठशे किलोमीटर ना? मग आदल्या रात्रीच का नाही निघाला तो माणूस?”

“बाबा, युद्ध उद्या होणार हे त्याला काय माहीत?”

“एवढी महत्त्वाची वस्तू आणि एक दिवस आधी नाही पाठवत? नियोजन नाही.”

पुढे बेकर्सफील्ड येईपर्यंत मी त्यांना सगळा इतिहास सांगितला. त्या जगात दुसऱ्या महायुद्धानंतर काळ वेगळ्या वाटेने गेला. ट्रान्झिस्टर मागे पडला, अणुशक्ती पुढे गेली. म्हणून गाड्या अणूवर चालतात, पण टीव्ही अजून डबडाच. (आमच्या शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये १९५६ साली सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर काम सुरू झालं आणि त्यातून ही सगळी सिलिकॉन व्हॅली उभी राहिली. त्या जगात इथे नक्की काय पिकलं असेल, जर्दाळू?) मग तेल संपत आलं. २०५२ पासून युरोप आणि मध्यपूर्व एकमेकांवर तुटून पडले. २०६६ मध्ये चीनने अलास्का घेतला, अमेरिकेने तो सोडवता सोडवता कॅनडाही गिळला. आणि २०७७ मध्ये सगळ्यांनी सगळ्यांवर बॉम्ब टाकले.

“वेगासवर किती?” बाबा.

“सत्याहत्तर. पण तिथे हाउस नावाचा एक अतिश्रीमंत रोबोवाला होता. त्याने एकोणसाठ बॉम्ब संगणकावरून निकामी केले, नऊ लेझरने हवेत उडवले.”

“उरले नऊ.”

“ते आजूबाजूच्या वाळवंटात पडले. चिप त्याच्याच बचावयंत्रणेसाठी होती, वेळेत मिळाली असती तर तेही पडले नसते. आणि हाउस अजून जिवंत आहे, २२८१ साली. एका पेटीत, नळ्या लावून. जन्म २०२० चा.”

“म्हणजे आपल्या चिन्मयच्या वयाचा,” आई मागून म्हणाली. चिन्मय माझा भाचा. त्यानंतर बराच वेळ मला हाउस शेंबडा दिसत होता.

बार्स्टोच्या पुढे खरं मोहावी वाळवंट सुरू होतं. पिवळट करडी जमीन, खुरटी झुडपं, आणि लांबवर डोंगर, जणू कुणी कापून ठेवलेले. गेममध्ये हे चालत पार करावं लागतं आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी चावायला येतं. इथे फक्त ट्रक होते. नेवाडाच्या हद्दीअलीकडे इव्हानपाहच्या सौरवीज प्रकल्पाचे तीन मनोरे दिसले. १४० मीटर उंच, भोवती हजारो आरसे, आरशांनी ऊन वर फेकायचं आणि त्यावर वाफ करायची. मी गाडीत ओरडलेच. गेममध्ये अगदी असाच एक मनोरा आहे, त्याच्यावरून दोन टोळ्या झगडतात, आणि गेम आला २०१० मध्ये, हे मनोरे सुरू झाले २०१४ मध्ये. कल्पना काही हवेतून आलेली नव्हती म्हणा. बार्स्टोजवळ १९८२ पासून असा एक प्रयोग होऊन गेला होता. पण आपण खेळलेली जागा नंतर बांधली जावी, याची गंमत वेगळीच.

हद्द ओलांडली की लगेच प्रिम. दोन-तीन कॅसिनो दिसले, एक भलामोठा रोलर कोस्टर, संपलं. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीला १९३४ साली पोलिसांनी ज्या गाडीत गोळ्या घातल्या, ती चाळणी झालेली फोर्ड या गावात प्रदर्शनाला ठेवलेली असायची. गेमवाल्यांनी काय केलं, तर विकी आणि व्हान्स नावाची जोडी बनवली, बॉनी-क्लाइडची नक्कल, आणि त्यांचाही कॅसिनो, त्यांचीही गाडी. खऱ्यापासून चार बोटं बाजूला. पूर्ण गेम असाच आहे. कुरियरचं ऑफिसही याच प्रिममध्ये: चिप दोनशे चार वर्षांनी सनीवेलच्या ढिगाऱ्यात सापडते, हाउस ती मागवतो आणि ती पोचवायचं काम आपल्याकडे, म्हणजे खेळणाऱ्याकडे येतं.

“दोनशे चार वर्षं लेट,” बाबा म्हणाले. “आणि तरी कुरियरनेच?”

गुडस्प्रिंग्ज मुख्य रस्त्यापासून थोडं आत आहे. गेमची सुरुवात इथे होते. कुरियरला धरतात, चिप काढून घेतात, डोक्यात गोळी घालतात आणि स्मशानात पुरतात. एक रोबो त्याला उकरून काढतो, डॉक्टर मिचेल शिवतो, आणि आपण डोळे उघडतो ते त्याच्या घरात. मी हे गाव इतकं पायाखाली घातलंय की वळणावर नकाशा बंद करून टाकला. आणि खरंच, सलून, म्हणजे जुन्या धाटणीचा दारूचा बार, समोर. रुंद पुढचा ओटा, शेजारी जुनं जनरल स्टोअर. गेममध्ये नाव प्रॉस्पेक्टर, इथे पायोनियर. १९१३ साली बांधलेलं. तेव्हा इथे जस्त आणि शिशाच्या खाणी भरात होत्या. आता गावात जेमतेम दोनशे माणसं असतील.

आत भिंती आणि छत दोन्ही नक्षीदार पत्र्याचे. हात लावला तर गार. एका भिंतीत गोळ्यांची भोकं आहेत, १९१५ साली पत्त्यांच्या डावात भांडण होऊन एकजण मेला त्याची. मी त्या भोकांचे फोटो काढत होते, स्टोअरमध्ये गेमच्या झेंड्यांपाशी घुटमळत होते, आणि आई मात्र बारपाशी उभी. लाकडावर सिगारेटचे चटके आहेत तिथे. जानेवारी १९४२ मध्ये इथल्या पोटोसी डोंगरावर विमान आदळलं, बावीस माणसं गेली, त्यात कॅरोल लोंबार्ड ही नटी होती. युद्धासाठी कर्जरोखे विकून परत येत होती. तिचा नवरा क्लार्क गेबल बातमीची वाट बघत इथे बसला होता आणि हे चटके त्याचे, असं सांगतात. खरंखोटं सलूनवाल्यांना ठाऊक. आईने एका चटक्यावर बोट ठेवलं.

“किती वेळ बसला असेल गं?”

मला गेममधल्या या सलूनमधला प्रत्येक संवाद पाठ होता. हे मात्र तिथे कुणीच सांगितलं नव्हतं.

वेगासबद्दल फार लिहीत नाही. झगमगाट आहे, आईला आवाज सहन झाला नाही, खोली स्वस्त मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अणुचाचण्यांचं म्युझियम बघितलं, ते चुकवू नका. शहराच्या वायव्येला शंभर किलोमीटरवर १९५१ ते १९९२ या काळात नऊशेहून अधिक चाचण्या झाल्या, त्यातल्या शंभर उघड्या आकाशात. वेगासच्या हॉटेलांच्या गच्चीवरून लोक पेला हातात घेऊन उजेड बघायचे. वाळवंटात लाकडी घरं बांधली, त्यात पुतळ्यांची कुटुंबं जेवायला बसवली आणि बॉम्ब फोडला. पुतळ्याच्या बाईने फुलाफुलांचा झगा घातलाय, केस नीट बसवलेत. गेममध्ये जे हसरं, इस्त्रीचं पन्नासच्या दशकातलं जग जळून जातं, ते बनवायला लेखकांना विशेष कष्ट पडले नसावेत.

मग धरण.

वरच्या पुलावरून पहिल्यांदा दिसलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. हा पूल ऑक्टोबर २०१० मध्ये खुला झाला, गेमही त्याच महिन्यात आला. खाली २२१ मीटर काँक्रीट, मागे लेक मीड, आणि काठाच्या खडकावर पांढरा पट्टा: पाणी पूर्वी कुठवर होतं याची खूण. मग बाबा सुरू झाले. काँक्रीट ओतलं की आतून तापतं. इतकं एकदम ओतलं असतं तर थंड व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती, म्हणून ठोकळ्या-ठोकळ्यांनी ओतलं आणि आतून नळ्या घालून गार पाणी फिरवलं. “१९३१ ला सुरुवात, १९३५ ला उद्घाटन. आपल्याकडे तेवढ्यात भूसंपादनही होत नाही.”

मग मी माझं सांगितलं. इथे २२७७ मध्ये पहिली लढाई झाली. पश्चिमेकडून एनसीआर आलं, म्हणजे न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक. झेंड्यावर दोन तोंडांचं अस्वल. पूर्वेकडून सीझरचं सैन्य, गुलाम बाळगणारं, रोमन वेषातलं. एनसीआर जिंकलं. हाउसशी करार त्याआधीच झाला होता, धरणाची पंचाण्णव टक्के वीज कॅलिफोर्नियाला आणि पाच टक्के वेगासला. आता २२८१ मध्ये दुसरी लढाई व्हायचीये.

बाबा कठड्यावर हात ठेवून थांबले. “पंचाण्णव टक्के कॅलिफोर्नियाला? आणि धरण अर्धं नेवाडात?”

“हो.”

“मग हे पाणीवाटपाचं भांडण आहे म्हण की. रोमन कशाला सांगत बसलीस.”

मग त्यांनी मोबाइल काढला. इथल्या कोलोरॅडो नदीच्या पाण्याचा करार १९२२ चा, सात राज्यांचा. खालच्या खोऱ्यात कॅलिफोर्नियाचा वाटा ४४ लाख एकर-फूट, ॲरिझोनाचा २८, नेवाडाचा ३ लाख. बाबांना एकर-फूट समजत नाही, त्यांनी टीएमसी केले. “कॅलिफोर्निया एकशे ब्याण्णव. नेवाडा तेरा. तेरा!” एखाद्या तालुक्यावर अन्याय झाल्यासारखा चेहरा. खऱ्या धरणाची निम्म्याहून जास्त वीजही कॅलिफोर्नियालाच जाते, हे वाचल्यावर तर ते गेमच्या लेखकांवर खूश झाले. पुढची वीस मिनिटं कृष्णा लवाद: महाराष्ट्र पाचशे साठ, कर्नाटक सातशे, आंध्र आठशे. आईला हे आकडे लग्नापासून पाठ आहेत, ती पंखवाल्या पुतळ्यांच्या पायाची बोटं चोळायला निघून गेली. नशीब उजळतं म्हणतात, बोटं घासून सोनेरी झालीत.

गेममध्ये चलन म्हणून बाटल्यांची बुचं चालतात, आणि एनसीआरचं सोनं शत्रूने नष्ट केल्यावर व्यापाऱ्यांनी त्या बुचांना पाण्याचं तारण दिलं, हे मी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “ज्याने हे लिहिलं त्याला कळतं.” मी इतकी वर्षं हा गेम चांगला का आहे हे मित्रांना समजावत आले, पण असं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

तरी शंका होतीच. “साडेतीनशे वर्षांत गाळ किती भरला असेल?”

“बाबा, गेम आहे.”

“गेम असला तरी नदी तीच ना. वर ग्लेन कॅनियन धरण आहे, गाळ तिथे अडेल. पण तेही भरेलच की. आणि ते बॉम्बने फुटलं असेल तर?” मग स्वतःच, “नऊ कुठे पडले ते लिहून ठेवलंय का कुणी?”

धरणाच्या मागे पाण्यात चार मनोरे आहेत, त्यातल्या दोनांवर घड्याळं. एक नेवाडाची वेळ दाखवतं, एक ॲरिझोनाची. फेब्रुवारीत एक तासाचा फरक असतो. बाबांनी आधी इकडचं, मग तिकडचं घड्याळ बघितलं, मग आपलं मनगट. त्यांच्या घड्याळात अजून साताऱ्याची वेळ होती.

घरी परतल्यावर शनिवारी मी लॅपटॉपवर गेम लावला आणि त्यांना धरणावर नेलं. सैनिक गस्त घालत होते, कुणीतरी माझ्याशी मोहिमेबद्दल बोलत होतं. बाबांनी चष्मा वर केला.

“ते राहू दे. त्या मनोऱ्याजवळ जा. पाण्याची पातळी मोजायची पट्टी कुठे लावलीये बघू.”

पट्टी नव्हती. आम्ही पलीकडच्या बाजूलाही जाऊन बघितलं.