तुम्ही विचारलंत म्हणून : तार बदलण्याच्या दोन तारखांमधले आठवडे

देवगडला बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या दातांवर तारा दिसल्या की माणसे आधी थोडी बिचकतात आणि मग विचारतात. पहिला प्रश्न बहुधा "या वयात कशाला?" असा असतो. त्याचे उत्तर मी एका वाक्यात देते : पुढचे दात एकमेकांवर चढले होते, त्यांच्या सांदीत ब्रश पोहोचत नव्हता आणि हिरड्यांतून रक्त येत होते. दुसरा प्रश्न ज्यांनी स्वतः क्लिपा बसवल्या आहेत किंवा बसवायच्या विचारात आहेत त्यांच्याकडून येतो, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. डॉक्टर एकदा तार बदलतात आणि पुढची तारीख सहा ते आठ आठवड्यांनंतरची देतात. मधल्या काळात आरशात काहीही फरक दिसत नाही. मग हे दिवस काढायचे कसे, आणि डॉक्टर लवकर का बोलावत नाहीत?

माझे उत्तर असे आहे की या आठवड्यांत हाडात काय चालले आहे ते समजून घेतले की वाट पाहण्याचा त्रास बराच कमी होतो. मनाला धीर देणारी वाक्ये मला तरी फारशी उपयोगी पडली नाहीत, माहिती पडली.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा एक थर असतो. तारेचा दाब आला की दात त्या थरात किंचित सरकतो, एका बाजूचे तंतू दबतात आणि दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी गोळा होतात, ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि दात हळूहळू नव्या जागी येतो. गडग्यातला एखादा चिरा जागचा हलवायचा तर एका बाजूची माती काढावी लागते आणि दुसऱ्या बाजूला भर घालावी लागते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की इथले गडी दिसत नाहीत आणि त्यांना घाई करता येत नाही. सगळे नीट चालले तरी दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, अनेकदा त्याहूनही कमी. माझ्या वरच्या दोन उपदाढा काढून जागा केली आहे. अशी एक जागा सुमारे सात मिलिमीटर रुंद असते, तेव्हा ती भरायला किती महिने लागतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा आणि दर आठवड्याला आरशासमोर उभे राहणे सोडून द्यावे.

या हालचालीची गती सगळ्या दिवसांत सारखी नसते. तार बदलल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत दात झटकन थोडा सरकतो, कारण तो मधला थर दबतो. दुखणेही तेव्हाच सर्वांत जास्त असते. चोवीस तासांच्या आसपास ते शिगेला पोहोचते आणि आठवड्याभरात बहुतेक ओसरते. त्यानंतर बरेचदा दोन-तीन आठवडे असे येतात की दात जवळजवळ जागचा हलत नाही. दाब जिथे जास्त पडला तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग काही काळ निर्जीव होतो. शरीर तो मागच्या बाजूने, हाडाच्या आतून पोखरत साफ करते, आणि ते काम पुरे झाल्यावरच दात पुन्हा चालू लागतो. आता नेमक्या याच थांबलेल्या दिवसांत आपण डॉक्टरांकडे जाऊन "अजून थोडे घट्ट करा" म्हटले तर काय होईल, याचा विचार करून पाहा. जास्त जोर म्हणजे जास्त वेग नव्हे. जास्त जोराने निर्जीव भाग वाढतो, दात अधिक काळ अडून बसतो आणि मुळाचे टोक झिजण्याची शक्यता वाढते. वय वाढलेल्या माणसाच्या हाडात ही उलाढाल सुरू व्हायलाच जरा वेळ लागतो. डॉक्टर उशिराची तारीख देतात त्यामागे त्यांची गर्दीही असेल, मी नाही म्हणत नाही, पण मुख्य कारण हे आहे.

दुसरे कारण तारेचे आहे, आणि ते मला फार आवडते. पूर्वी पोलादी तार लहान-सहान वाकवण्या करून बसवत आणि तिचा जोर लवकर संपत असल्याने रोग्याला वरचेवर यावे लागे. १९५९ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे धातुशास्त्रज्ञ क्षेपणास्त्राच्या टोकासाठी मिश्रधातू शोधत असताना निकेल आणि टायटॅनियमच्या एका मिश्रणाकडे वळले. हे मिश्रण वाकवले तरी आपला मूळ आकार धरू पाहते. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रियासन यांनी ते दातांच्या तारेसाठी वापरात आणले. आज सुरुवातीच्या महिन्यांत आपल्या दातांवर बहुतेकदा हीच तार असते. वेड्यावाकड्या दातांत ती बांधली की ती आपल्या मूळ कमानीकडे परतण्यासाठी अनेक आठवडे सौम्य, पण सतत ओढत राहते. डॉक्टर कोल्हापूरला असोत नाहीतर कणकवलीला, तार कामावरच असते. या तारेचा एक प्रकार तोंडाच्या उबेने ताठ होतो आणि गारव्याने मऊ पडतो. तुमची तार त्या जातीची असेल तर पहिल्या दोन दिवसांच्या ठणक्यात गार पाण्याचा घोट घेतल्यावर घटकाभर जो आराम वाटतो तो मनाचा खेळ नसतो.

रबराच्या माळेची गोष्ट मात्र वेगळी आहे. जागा मिटवण्यासाठी दातावरून दातावर जी माळ ओढून बसवतात, तिचा निम्म्याच्या आसपास ताण लाळेने आणि उबेने पहिल्याच दिवसात उतरतो. तिसऱ्या दिवशी ती सैल वाटली म्हणून घाबरू नये. उरलेला ताण पुढचे काही आठवडे काम करायला पुरतो आणि डॉक्टरांनी तो हिशेब धरलेला असतो.

एवढे कळल्यानंतर मी सहा आठवड्यांचे आपोआप तीन भाग पाडले. पहिल्या आठवड्यात माझी काही अपेक्षा नसते, फक्त जेवणाची व्यवस्था असते. आपल्याकडे ती अवघड नाही. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात आणि कुळथाची पिठी, नारळाच्या दुधातली खीर, घावणे सोलकढीत बुडवून. चावावे न लागणारे इतके पदार्थ ज्या मुलखात आहेत तिथे तारा बसवलेल्या माणसाने उपाशी राहण्याचे कारण नाही. वर्ज्य वस्तूंची यादीही आपलीच आहे : जत्रेतले खाजे, भाजलेले शेंगदाणे, आख्खी कैरी, फणसपोळी, आणि चिकट रसाळ बरक्या फणसाचे गरे, जे ब्रॅकेट (दाताला चिकटवलेली, तार धरणारी छोटी पकड) उपटत नसले तरी तारेभोवती असे गुंडाळतात की संध्याकाळ त्यातच जाते. पावसाळ्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि घरोघरी सुक्या मासळीचे डबे उघडतात, तेव्हा सुकटीचे बारीक तुकडे तारेखाली कुठे जाऊन बसतील ते सांगता येत नाही. मी सुकट सोडलेली नाही. जेवणानंतर जास्तीची पाच मिनिटे मोरीत काढते. तार ब्रॅकेटला धरून ठेवणाऱ्या पारदर्शक रबरी कड्या हळदीने दोन दिवसांत पिवळ्या होतात, म्हणून मी करड्या रंगाच्या मागून घेते. पिवळ्या झाल्याने उपचारात काही बिघडत नाही, पण काउंटरवर बसणाऱ्याला ते खुपते.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यांत कंटाळवाणा आणि, माझ्या मते, सगळ्यांत महत्त्वाचा. दुखत नाही, म्हणून लक्ष उडते. फरक दिसत नाही, म्हणून उत्साह उडतो. आणि नेमकी तेव्हाच घासण्यात ढिलाई होते. ब्रॅकेटच्या कडेला किटण साचून राहिले तर दाताच्या आवरणातली खनिजे विरघळून पांढरे डाग पडायला महिनाभरही पुरतो. तारा निघाल्यावर दात सरळ आणि डाग कायमचे, असे झाले तर इतका खर्च कशासाठी केला? दोन भेटींमधले अंतर जितके मोठे, तितका हा भार आपल्यावर जास्त, कारण दुसरे कोणी पाहणारे नसते. फ्लोराइडची पेस्ट, तारेखालून फिरणारा छोटा इंटरडेंटल ब्रश आणि रात्रीची दहा मिनिटे, याला पर्याय मला सापडलेला नाही. शिवाय मोठ्या माणसांच्या हिरड्या लहान मुलांसारख्या माफ करत नाहीत. म्हणून मी गावातल्याच दंतवैद्यांकडून दर काही महिन्यांनी दात साफ करून घेते. त्यासाठी तारवाल्या डॉक्टरांची तारीख यावी लागत नाही.

याच काळात अनेकांना एक भीती गाठते, ती म्हणजे दात हलतो आहे. थोडासा हलणारच. हाड त्याच्याभोवती मोडून पुन्हा बांधले जात असताना तो घट्ट कसा राहील? पडणाऱ्या दातांचे वय जवळ आलेल्या आपल्यासारख्यांना ही जाणीव जरा जास्त बोचते, इतकेच. मात्र एखादा दात बाकीच्यांपेक्षा फार जास्त हलत असेल किंवा हिरडी सुजून पू येत असेल, तर तारखेची वाट पाहू नये.

शेवटचे दोन आठवडे खरी हालचाल होण्याचे असतात आणि तरीही ती रोज पाहून दिसत नाही. मी प्रत्येक तारखेच्या दिवशी, तार बदलण्याआधी, खिडकीजवळ एकाच जागी उभी राहून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढते, आणि मधल्या काळात काढत नाही. दोन भेटींपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की सुळा कुठून कुठे आला ते दिसते. गणपतीला आलेले चाकरमानी नातेवाईक हेच काम फुकट करतात, कारण त्यांनी आपल्याला वर्षभर पाहिलेले नसते, "क्लिपा बसवलीस होय गो?" हे विचारून झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात ते दात सुधारल्याचे सांगतात. घरच्यांना मात्र विचारू नये, त्यांना काहीच दिसत नाही.

आता आपल्या किनाऱ्याचा खास प्रश्न. आमचे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा बसवणारे डॉक्टर, कोल्हापूरहून महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी कणकवलीला येतात, आणि ऐन पावसात करूळच्या घाटात दरड आली की तो दिवस जातो. फोंडा घाट चालू असला तर ते त्या वाटेने येतात. नसला तर तारीख थेट पुढच्या महिन्यात. अशा वेळी सहाचे दहा आठवडे होतात. यात उपचार वाया जातो का? बहुधा नाही. निकेल-टायटॅनियमची तार आपल्या आकाराला पोहोचली की तिचा जोर संपतो आणि दात तिथेच थांबतात. रबराची माळ थकते आणि जागा मिटणे थांबते. वेळ जातो, केलेले काम जात नाही. २०२० च्या टाळेबंदीत कित्येकांचे महिनेच्या महिने असेच गेले आणि दवाखाने उघडल्यावर त्यांचे उपचार पुढे चालू झाले. धोका असतो तो सुटलेल्या ब्रॅकेटचा आणि ओढ लावणाऱ्या स्प्रिंगसारख्या वस्तूंचा, ज्या लक्ष नसताना दात नको तिथे नेऊ शकतात. म्हणून भेट संपताना मी दोन गोष्टी विचारून घेते : या वेळी तोंडात असे काय बसवले आहे ज्याला उशीर चालणार नाही, आणि घाट बंद झाला तर मी फोन कोणाला करायचा.

ब्रॅकेट सुटून तारेवर फिरू लागला तर तो ओढून काढू नये. त्याचा फोटो पाठवावा आणि डॉक्टर सांगतील तसे करावे. तारेचे मागचे टोक गालाला टोचले तर तेवढी जागा कोरडी करून वॅक्सची (दवाखान्यातून मिळणाऱ्या मेणाची) गोळी दाबून बसवावी, जखमेला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. दुखण्यावर गोळी घ्यायची तर कोणती हे आधी विचारून ठेवावे. आयबुप्रोफेनच्या गटातली औषधे दीर्घकाळ घेतल्यास दात सरकण्याची गती मंदावू शकते, म्हणून बरेच डॉक्टर पॅरासिटॅमॉल सांगतात.

राहिले ते वर-खालच्या दातांना जोडणारे छोटे रबर बँड, जे आपणच लावायचे आणि रोज बदलायचे असतात. दोन भेटींमधल्या काळात आपल्या हातात असलेली ओढ ही एवढीच, आणि तीच लोक सर्वांत आधी सोडतात. ते जेवणापुरते काढले तर चालतात का, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायचे. पण "दिवसभर" असे सांगितले असेल तर रात्री तेवढे लावून भागत नाही, कारण ओढ तुटली की ती हाडातली उलाढाल पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागते. पाकीट संपले आणि पाऊस लागला तर ते देवगडच्या औषधांच्या दुकानात मिळत नाही. मेच्या अखेरच्या भेटीत ऑगस्टपर्यंत पुरतील इतकी पाकिटे मागून घ्यावीत, आणि त्यांतले एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवावे.