घरपोच संत्रा

जुलैत आमच्या नर्सरीत कोणाला नीट उत्तर द्यायला वेळ नसतो. दोन दमदार पाऊस झाले की अर्ध्या नागपूरला एकाच रविवारी मोगरा आठवतो. रोपं विकणं हे आमचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. पण या दिवसांत बराचसा वेळ दुसरीकडून आणलेल्या रोपांचा पंचनामा करण्यात जातो. तोही फुकट. आणि घासाघीस होते ती आमच्याशीच. मोगऱ्याच्या दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटं वाद घालणारा माणूस पेपरातल्या जाहिरातीच्या चौकटीला माल न बघता पैसे पाठवतो.

यंदा अशाच गर्दीत एक काकाजी ऑटोतून लांबुडकं खोकं घेऊन उतरले. राहायला मानेवाड्याला, मूळचे काटोलकडचे, गावाकडे शेतीचा एक तुकडा अजून नावावर. खोक्यात पोस्टानं आलेली फळझाडं होती, त्यात संत्रा. संत्र्याच्या पट्ट्यातला माणूस संत्र्याची कलमं पेपर वाचून मागवतो, हे कानावर पडताच आमचा कलमवाला हातातलं काम टाकून आला. तो शेंदूरजना घाटचा. त्यांच्याकडे संत्र्याची कलमं हा गावाचा धंदाच आहे.

“काऊन जी काकाजी? काटोलले गेले असते तं डोयानं पाहून आणली असती.”

“गुडघ्याचं ऑपरेशन झालं बाप्पा. मुलगा पुण्याला. हे घरपोच देऊन राहिले होते.”

यावर आम्ही दोघंही गप्प. आमच्यापैकी कोणीच घरपोच देत नाही, हे खरंच आहे.

जाहिरातीचं कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. रविवारच्या पुरवणीतलं पाव पान. चित्रातल्या कुंडीत पानांपेक्षा फळं जास्त. दहा कलमी फळझाडं, 999 रुपये, टपालखर्च वेगळा, निशिगंधाचे दहा कंद मोफत, ‘दोन वर्षांत फळ’. मोबाइल नंबर ठळक, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. महाराष्ट्रात फळझाडांची रोपवाटिका चालवायची तर 1969 च्या कायद्याखाली कृषी खात्याचा परवाना लागतो. खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळाचं रोप, कुठला, त्यावर भरलेला डोळा, म्हणजे अंकुर, कोणत्या मातृवृक्षावरचा, याची नोंद ठेवावी लागते. आमची ती वही तपासली जाते. पेपरच्या जाहिरात विभागात ती कोणी मागत नाही. ‘वाचकांनी स्वतः खात्री करून घ्यावी’ असं बारीक अक्षरात छापलं की त्यांचं काम संपलं. खात्री करायची कशी, तर पैसे घेतल्याशिवाय पोस्टमन पार्सल हातात देत नाही.

खोकं उघडलं. रोपं पिशवीतून काढून, मुळांभोवती ओला काथ्या आणि प्लास्टिक गुंडाळलेली. पॅकिंग चांगलं होतं, हे मी लगेच बोलून दाखवलं. अंधारात राहून पानं पिवळी पडली होती, काही गळली होती, पण मुळं ओली होती. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, हेच खोकं गाडीत पडून राहिलं असतं तर आत काड्याच निघाल्या असत्या. आणि अशा जाहिराती उन्हाळ्यातही येतात.

मग एकेक रोप टेबलावर घेतलं. आंब्याची दोन खरोखर कलमी होती. पाचर नीट बसलेली, जोड भरून आलेला, फक्त टेप तशीच राहिल्यानं साल आवळली जात होती. ती मी तिथेच ब्लेडनं चिरली. लेबलवर ‘केसर’. या वयाच्या रोपाचं पान बघून ते खरंच केसर आहे का, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एक तर थापाड्या असतो, नाही तर विकणारा.

पेरूची दोन्ही बियांची. मुळं उघडी असल्यामुळे लपायला जागाच नव्हती. सरळ खाली गेलेलं सोटमूळ, आणि खोडावर कलमाचा जोड कुठेही नाही. गुटी बांधून केलेल्या रोपाला सोटमूळ नसतंच, नुसता तंतुमुळांचा झुबका असतो. लेबलवर मात्र ‘सरदार’. बियांच्या पेरूला फळ येईल, पण कसं येईल ते फळ आल्यावरच कळणार.

लिंबंही बियांचीच निघाली. काकाजी भडकले, “हेही खोटं!” खोटं जाहिरातीत होतं, रोपात नव्हतं. कागदी लिंबाची रोपं सर्रास बियांपासूनच करतात. त्याच्या एका बीतून बहुतेक वेळा आईसारखीच रोपं उगवतात, म्हणून चालतं. मीही तीच विकते. त्यांना ‘कलमी’ म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा.

राहिले संत्रे. चार रोपं. कलमवाल्यानं पहिल्याचं पान चुरगाळून हुंगलं आणि न बोलता माझ्या हातात दिलं. संत्र्याच्या पानाचा वास वेगळा आणि ओळखीचा असतो. याला लिंबाचा वास होता. शेंड्याची कोवळी पालवी जांभळट, काटे दणदणीत. “हे तं जंभेरी व्हय.” आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंभेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर भरतात. हा नुसता खुंट होता. दुसराही तसाच. तिसऱ्यावर बोटभर वर इंग्रजी टीच्या आकाराचा वण होता. म्हणजे कोणीतरी डोळा भरला होता, तो वाळला, खालून खुंटच फुटला, आणि तो उपटून टाकायच्या ऐवजी पार्सलमध्ये गेला. चौथा खरा संत्रा. पण जोड मुळापासून जेमतेम दोन इंचांवर. जोड जमिनीपासून साधारण नऊ इंच तरी वर हवा. नाही तर लावताना तो मातीत जातो, फायटोफ्थोरा बुरशी संत्र्याच्या सालीत शिरते आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. विदर्भातल्या किती बागा या एका कारणानं बसल्यात, ते कोणत्याही संत्रावाल्याला विचारा.

काकाजींना माझ्याकडून लेखी हवं होतं. ग्राहक आयोगात जायचं होतं. “लिहा, सगळी रोपं बोगस.” मी कृषी महाविद्यालयातून शिकलेली असले तरी शेवटी नर्सरीवाली. माझं पत्र म्हणजे एका दुकानदारानं दुसऱ्याविरुद्ध दिलेली साक्ष. म्हणून दिसलं तेवढंच लिहिलं: तीन संत्रे म्हणजे नुसते खुंट, एक कलम चुकीच्या उंचीवर, पेरू बियांचे, लिंबं बियांची पण योग्य, आंब्याची कलमं व्यवस्थित, कंद उत्तम. कंद खरंच उत्तम होते, टणक आणि जाडजूड. झोपलेली वस्तू पोस्टानं पाठवली तर बिघडत नाही. निशिगंध, ग्लॅडिओलस यांना प्रवासाचं काही वाटत नाही, आणि फसवलं असेल तर एका हंगामात कळतं.

पत्र वाचून काकाजी म्हणाले, “मॅडम, तुम्ही तं त्यांच्याच बाजूनं लिहिलं.”

गिऱ्हाईक गेल्यावर मी माझ्या दरानं बेरीज केली. दोन आंबे, दोन लिंबं, पेरूची बियांची रोपं, एक संत्रा, कंद. सहाशेच्या पुढे गेली. काटोलला जाण्यायेण्याचा खर्च धरला तर काकाजींचं पैशांत फारसं नुकसान झालंच नव्हतं. हे मला आवडलं नाही, पण आकडे तेच सांगत होते. नुकसान पुढे झालं असतं. संत्रा चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येतो. तेवढी वर्षं त्या तीन खड्ड्यांना शेणखत, पाणी, राखण, आणि मग एका बहराला खडबडीत सालीची आंबट जंभेरी. तोवर जाहिरातीतला नंबर कुठे असता? ग्राहक आयोगापुढे ही वर्षं कोणत्या रकान्यात लिहायची, मला सुचत नाही. काकाजी सत्तरीच्या पुढचे.

त्या नंबरावर त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला होता. पलीकडची मुलगी अत्यंत नम्र. पुढच्या हंगामात बदलून देऊ, फक्त टपालखर्च भरा, म्हणाली.

तीन जंभेऱ्या त्यांनी माझ्याकडेच ठेवल्या. खुंट निरोगी आहेत, हिवाळ्यात पेन्सिलीएवढे जाड झाले आणि साल सुटायला लागली की कलमवाला त्यांच्यावर डोळे भरून देणार आहे. वर नऊ इंचांवर. त्याचे पैसे घ्यायचे की नाही, यावरून आमच्यात अजून एकमत नाही. तो म्हणतो, घ्या, नाही तर उद्या सगळे पेपरातले खुंट घेऊन येतील.

परवा काकाजींचा फोन आला. तक्रारीचं काय झालं, विचारलं तर म्हणाले, मुलगा पुण्याहून आला की बघू. मग आवाज जरा खाली आणून, “मॅडम, त्यांची नवी जाहिरात आली आहे. नुसते कंद. पन्नास निशिगंध. मागवू का?”

दर विचारला. माझ्यापेक्षा कमी होता. मागवा म्हटलं.